सांडपाण्यातले चांदीचे नॅनोकण

दुर्गंधी रोखणाऱ्या मोज्यांमधले चांदीचे नॅनोकण धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात उतरतात. त्यांचा आकार १ ते १०० नॅनोमीटर. मैलाशुद्धीकरण केंद्रात गंधकाशी संयोग होऊन त्यांचे सिल्व्हर सल्फाइड बनते आणि बहुतेक चांदी गाळात जाते. नमुना आम्लात विरघळवला की एकूण चांदी मोजता येते. ती कणरूपात होती की आधीच विरघळलेली, हा महत्त्वाचा प्रश्न मात्र उरतोच. त्यासाठी ‘एकल-कण आयसीपी-एमएस’ ही पद्धत वापरतात. भरपूर विरळ केलेला नमुना हजारो अंश तापलेल्या आर्गॉन प्लाझ्मात फवारतात. एकेक कण आत शिरताच त्याचे आयन होतात आणि पडद्यावर क्षणभर एक सुळका उमटतो. सुळक्यांच्या संख्येवरून कणांचे प्रमाण समजते, उंचीवरून प्रत्येकातले चांदीचे वस्तुमान. विरघळलेली चांदी सलग पार्श्वसंकेत देते. गाळाचे काम अधिक बिकट: कण मूळ रूप न बिघडवता सुटे करावे लागतात. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची जोड हवीच.