जुन्या काडतुसांवरील आंकडा

इंग्लंडांतील एखाद्या जुन्या घरांत शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींची दुनळी बंदूक सांपडते. शेजारीं काडतुसांचें रिकामें खोकें असतें व त्यावर ‘३’ आणि ‘१⅛’ असे दोन आंकडे छापलेले असतात. पाहणारास वाटतें, काडतुसांत काय भरावें याची कृति आयतीच हातीं आली! परंतु जुन्या दारूगोळ्याचा खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. आणि येथें चुकणाराची नळी फुटते.

१⅛ हे छर्र्यांचे औंस, म्हणजे सुमारें ३२ ग्रॅम शिसें. ३ हे काळ्या दारूचे ड्राम. एका पौंडाचे ड्राम २५६. तेव्हां ३ ड्राम म्हणजे ५.३ ग्रॅम, किंवा ८२ ग्रेन. १२ बोअरच्या बंदुकीचा हा रूढ भार. ‘१२’ हा आंकडाही शिशावरूनच आला आहे. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास तोच नळीचा.

काळी दारू म्हणजे शेंकडा ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपानें उरतो, हें अँड्र्यू नोबल व फ्रेडरिक एबल यांनीं १८७५ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. ही राख ओलावा धरते व लोखंड खाते. म्हणून बाहेरून झळकणारी नळी आंतून खड्ड्यांनीं पोखरलेली असूं शकते.

१८६४ च्या सुमारास शुल्ट्झे या प्रशियन अधिकाऱ्यानें लांकडापासून अल्पधूम दारू केली. गिऱ्हाइकाच्या हातांतील ३ ड्रामांचें माप तसेंच चालावें, म्हणून ती फुलविलेली असे. तें माप भरून वजन मात्र ४२ ग्रेनच होई. पुढें घट्ट दारू आली. तेंच काम ती काळ्या दारूच्या सुमारें तृतीयांश वजनांत करी. जुन्या मापानें ती भरणारा आपल्याच हातानें अपघात ओढवून घेई. तरीही ‘ड्राम’ हा शब्द गेला नाहीं. अमेरिकेंतील खोक्यांवर ‘ड्रामांच्या बरोबरीचा’ भार अद्यापि छापलेला आढळतो. तेथें ३ हें वजन नव्हे, तर जुन्या भाराशीं केलेली केवळ तुलना होय.

म्हणून अभ्यासक खोक्याआधीं बंदूक वाचतो. लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहाचे ठसे नळीच्या खालच्या अंगास असतात. ती केवळ काळ्या दारूनें तपासली कीं नव्या दारूनेंही, हें त्यांवरून कळतें. मग तो काडतुसाचें घर मोजतो. जुनें घर बहुधा २½ इंचांचें, तर आजचें काडतूस पुष्कळदां २¾ इंचांचें असतें. तें आंत बसतें खरें. परंतु उडतांना त्याचें तोंड पुढच्या अरुंद भागांत उलगडतें आणि दाब वाढतो.

ठसे जुने असले तरी नळीची झीज आजची असते. जाणत्या कारागिराकडून ती मोजून घेतल्यावांचून खोक्यावरील आंकड्यास इतिहासापलीकडे अर्थ नाहीं. तोंवर त्या बंदुकीनें भिंतीवरच राहावें, हें उत्तम.