सिलिंडरचा हिशोब आणि जगाचा हिशोब

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंनी विचारलं, "गॅस जाळल्यानं पृथ्वी तापते म्हणतात. मग आम्ही पुन्हा चूल पेटवायची का?" चला, आज हिशोबच मांडू.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. चौदाचे बेचाळीस कसे? जळताना गॅसमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो, त्याचंही वजन त्यात येतं. पाच माणसांच्या घरात वर्षाला आठ सिलिंडर धरले, तरी माणशी ७० किलो भरत नाहीत.

आता जगाचं बघा. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून १९५० साली सुमारे ६०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. १९९० साली तो २,२०० कोटी टनांवर गेला. आज ३,७०० कोटींच्या आसपास आहे. २०२० साली टाळेबंदीत पाचेक टक्के घटला, पण पुढच्याच वर्षी पुन्हा चढला.

यातला जवळपास तिसरा हिस्सा एकट्या चीनचा. मग अमेरिका, आणि तिसरे आपण. पण माणशी वाटा काढला, तर अमेरिकेत वर्षाला साधारण १४ टन, चीनमध्ये आठेक टन आणि आपल्याकडे दोनेक टन. म्हणजे आपलं घर मोठं म्हणून बेरीज मोठी.

तरी आपलाही आकडा वाढतोच आहे. कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो.

हा आकडा उतरतच नाही, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये १८८२ साली लंडनला कोळशावरचं वीजकेंद्र सुरू झालं, आणि २०२४ साली त्या देशानं कोळशाचं शेवटचं वीजकेंद्र बंद केलं. १९९० च्या मानानं तिथला कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्म्यावर आला आहे.

तर ताई, चूल नको. तिचा धूर आधी तुमच्या आणि कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो. डाळ भिजवून कुकरला लावा, रिकाम्या खोलीतला दिवा-पंखा बंद करा. आणि ग्रामसभेत उभं राहून एवढं विचारा : आपल्या शाळेवर, पाण्याच्या पंपावर सौर वीज कधी येणार? मोठा हिशोब तिथं बदलतो.