न जळलेलं तूस

तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलं की माणसं काचमण्यांपाशी, हस्तिदंती बाहुलीपाशी रेंगाळतात. रेंगाळावंच. आज मात्र तेरच्या विटेबद्दल बोलू. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथात तगर म्हणून नोंदलेल्या या गावातल्या जुन्या हलक्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचं तूस मिसळायचं. भट्टीत ते जळून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या उरतात.

प्रकाशाला वाट करून देणाऱ्या आजच्या एका पदार्थात मात्र असं सेंद्रिय ‘तूस’ जळू द्यायचं नसतं.

आपल्या मराठवाड्यातच, वाळूज-शेंद्र्याला, काच सुमारे २,००० अंशांवर तापवून तिचा केसाएवढा तंतू ओढतात. त्याच्या गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. १५ किलोमीटरनंतरही तो निम्मा शिल्लक! पण तोच प्रकाश नखाएवढ्या चिपवर वळवायचा, त्याला फाटे फोडायचे, तर पातळ थरात वाट कोरावी लागते.

ही वाट नुसत्या सिलिकाची, म्हणजे काचेची, करायला गेलं तर पंचाईत होते. द्रावणातून केलेला थर एका मायक्रोमीटरच्या आसपास जाड झाला की सुकताना तडकतो, आणि वाट तर पाच-सहा मायक्रोमीटरची हवी. म्हणून सिलिकॉनच्या अणूलाच मेथाक्रिलेटचा सेंद्रिय हात जोडलेला रेणू घेतात. पाणी आणि थोडं आम्ल घातलं की सिलिकाचा सांगाडा विणला जातो. सेंद्रिय हातांमुळे तो लवचीक राहतो. मग वर जाळी ठेवून अतिनील प्रकाश टाकायचा. जिथे प्रकाश पडला तिथले हात एकमेकांत गुंततात, बाकीचं अल्कोहोलनं धुऊन जातं. उरते ती वाट. तिला शेवटी जेमतेम दीडशे अंशांची ऊब पुरते, त्यामुळे सेंद्रिय हात, म्हणजे आपलं तूस, जळत नाहीत. अपवर्तनांक वाढवायचा तर झिर्कोनियम मिसळायचं. जर्मनीत वुर्झबर्गच्या फ्राउनहोफर संस्थेनं असे पदार्थ ‘ऑर्मोसर’ नावानं घडवले.

आता खोट. त्या सेंद्रिय हातांतले कार्बन-हायड्रोजन बंध १,५५० नॅनोमीटरचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या दूरसंचाराचा, प्रकाश शोषतात. वितीच्या आतच तो निम्मा होऊ शकतो. ८५० नॅनोमीटरला बरं चालतं. त्यामुळे काचतंतूला ही स्पर्धा नाहीच. सर्किट बोर्डावरच्या जवळच्या दोन चिप जोडायला मात्र ही वाट छान. हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला तर शोषण घटतं, पण खर्च वाढतो, आणि थर खालच्या पृष्ठभागाला नीट चिकटेनासा होतो.