बोलावणं कोणाकोणाला गेलं?



टेबलावर मांडलेल्या ढालींकडे तुमचं लक्ष असणार, आणि ते साहजिकच आहे. पण आज ज्या स्पर्धेविषयी मी बोलणार आहे, तिच्यात पदकं कोणी लुटली यापेक्षा बोलावणं कोणाकोणाला गेलं, हे मला मोठं वाटतं. ही स्पर्धा म्हणजे पहिले आशियाई खेळ. प्राध्यापक गुरुदत्त सोंधी यांनी ते मनावर घेतलं आणि ४ ते ११ मार्च १९५१ या दिवसांत दिल्लीत ११ देशांचे खेळाडू जमले. खेळ मोजून सहा. हॉकी तर त्यांत नव्हतीच! मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती मारल्या, आपल्या फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवलं. सर्वाधिक, म्हणजे २४ सुवर्णपदकं मात्र जपानने नेली. आपली होती १५.

आता हा जपान तिथे कसा आला, ते बघा. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम साडेपाच वर्षं झाली होती. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला जर्मनी आणि जपान यांना निमंत्रणच नव्हतं. १९५१च्या मार्चमध्येही जपान दोस्त राष्ट्रांच्या लष्करी ताब्यात होता. आणि दिल्लीला शेजारी कोण? ब्रह्मदेश, सिंगापूर, इंडोनेशिया, फिलिपिन्स. म्हणजे युद्धात जपानी फौजांनी जे जे प्रदेश बळकावले, तिथलेच लोक. फिलिपिन्सची राजधानी मनिला १९४५च्या लढाईत बेचिराख झाली होती. त्या फिलिपिन्सचा संघ दिल्लीत बास्केटबॉलमध्ये पहिला आला, आणि दुसरा आला जपान. एकच चेंडू, एकच शिट्टी, दोघांना एकच नियम. जिंकलेला आणि हरलेला असा हिशेब रणांगणाबाहेरही मांडता येतो, हे त्या मैदानावर दिसलं.

कोणी विचारेल, लोक रेशनच्या रांगेत उभे असताना हा थाट कशाला? प्रश्न रास्त आहे. खर्च झालाच. पण थाट म्हणावा असं तिथे फार नव्हतं: मैदान १९३३ सालचं जुनंच, खेळाडूंचा मुक्काम लष्करी बराकींत. दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. खेळांनी युद्धं थांबतात का? नाही थांबत. तेव्हाही कोरियात लढाई चालूच होती, आणि आपला सख्खा शेजारी पाकिस्तान दिल्लीला आलाच नाही. म्हणून माझा दावा लहान आहे. खेळ भांडण मिटवत नाहीत. भांडलेल्यांना पुन्हा एकमेकांच्या दारात जायला निमित्त देतात. पुरावा हवा असेल तर पुढची स्पर्धा पाहा. १९५४चे आशियाई खेळ भरले मनिलात, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्याच शहरात. जपानचा संघ तिथे गेला. फौज म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून. आणि त्यानंतर १९५८ला यजमान होतं टोकियो. तिथे फिलिपिन्सचे खेळाडू गेले.