सीमेजवळचा दुपदरी रस्ता



वसंतातल्या या सभेत वेदान्तावर बोलणे होते, रंगभूमीवर होते, अर्थकारणावर होते. आणि आज आम्ही उभे आहोत ते एका रस्त्यावर बोलण्यासाठी, तोही आपल्यापासून हजारो मैल दूर, कॅनडातल्या मॅनिटोबा आणि ऑन्टेरिओ या दोन प्रांतांच्या सीमेवरचा! एवढ्या लांबच्या डांबराशी आपले काय नाते, असे कोणी विचारील. एक नाते तर उघड आहे. आपल्या घराघरांतली मुलेमुली आज त्या देशात शिकावयास व नोकरीस जातात आणि असल्या रस्त्यांवरून गाडी हाकतात. दुसरे नाते असे की, रस्ता कोणाचा आणि त्यावरच्या जिवांची काळजी कोणी वाहावयाची, हा प्रश्न सीमेपाशी जितका स्पष्ट दिसतो तितका मध्यावर दिसत नाही. त्या प्रश्नासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम रस्ता डोळ्यांपुढे आणू. विनिपेग ही मॅनिटोबाची राजधानी. तेथून पूर्वेकडे निघालो की आधी लागते ती तळहातासारखी सपाट जमीन. हा एका प्राचीन हिमकालीन सरोवराचा तळ. माती काळी, शेते अफाट, आणि रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. येथवर तो चौपदरी आहे. जाणारी वाहने एकीकडे, येणारी दुसरीकडे, मध्ये गवताचा रुंद पट्टा. पुढे जंगल सुरू होते आणि जमीन खडकाळ होते. हा खडक पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांपैकी. त्यातला बराचसा अडीच अब्ज वर्षांहून जुना. तो सुरुंगाने फोडल्याखेरीज रस्ता पुढे सरकत नाही, आणि खडक नसेल तेथे तळी व दलदल. अशा भूमीत एक पदर वाढविणे म्हणजे काय खर्च आहे, याची कल्पना आपला एखादा घाट पाहिलेल्या माणसाला सहज येईल. म्हणूनच सीमेच्या आसपास हा महामार्ग अनेक दशके दुपदरीच राहिला.

सीमेवर नाका नाही, अडसर नाही, शिपाई नाही. केवळ स्वागताची पाटी. परंतु पाटी ओलांडताच रस्त्याचा क्रमांक बदलतो. मॅनिटोबात तो क्रमांक १ असतो, ऑन्टेरिओत तोच १७ होतो. वेगाची मर्यादाही ताशी शंभर किलोमीटरवरून नव्वदवर येते. डांबर सलग आहे, खडक तोच, पाऊसही तोच. बदलतो तो फक्त मालक.

हा मालक कसा ठरला, त्याचा इतिहास आपल्या परिचयाचा वाटेल. सीमेपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर केनोरा नावाचे गाव आहे. त्याचे जुने नाव रॅट पोर्टेज. १८८० नंतरच्या काही वर्षांत हे गाव आपले, असा दावा मॅनिटोबानेही केला आणि ऑन्टेरिओनेही. दोन्ही प्रांतांनी तेथे आपापले पोलीस नेमले, आणि त्या पोलिसांनी एकमेकांनाच पकडून कोठडीत टाकले! १८८३ साली तर त्या एका गावाने दोन्ही विधिमंडळांसाठी निवडणुका पाहिल्या. शेवटी तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेला; १८८४ साली निकाल ऑन्टेरिओच्या बाजूने लागला आणि १८८९ साली कायद्याने सीमा पक्की झाली. सीमातंटा म्हणजे काय हे ज्या महाराष्ट्राला सांगावे लागत नाही, त्याला या गोष्टीत हसू येईल आणि थोडे हसू आवरेलही.

कॅनडाच्या १८६७ च्या घटनेने प्रांताप्रांतांना जोडणारी आगगाडी मध्यवर्ती सरकारकडे दिली. रस्ते मात्र स्थानिक बाब म्हणून प्रांतांकडे राहिले. परिणाम असा की, देश ओलांडणारा लोहमार्ग १८८५ सालीच जोडला गेला. मोटारीला मात्र पुढे कित्येक दशके थांबावे लागले. १९४९ साली कायदा होऊन मध्यवर्ती सरकारने प्रांतांना निम्मा खर्च देऊ केला आणि एक किमान दर्जा ठरविला; सर्वसाधारणपणे बावीस ते चोवीस फूट रुंदीचा पक्का दुपदरी रस्ता. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेचा अवघड तुकडा १९६० साली पुरा झाला, आणि ३ सप्टेंबर १९६२ रोजी रॉजर्स खिंडीत या महामार्गाचे रीतसर उद्घाटन झाले. तरीही मालकी प्रांतांचीच राहिली. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे झाले; तिकडे देशाचा मुख्य मार्गसुद्धा त्या त्या प्रांताचा आहे. हा भेद लक्षात ठेवावा.

आता त्या दुपदरी रस्त्यावर गाडी चालविण्याकडे वळू. दुपदरी रस्त्यावर समोरून येणारा आणि आपण यांच्यामध्ये रंगाच्या एका पिवळ्या रेघेखेरीज काही नसते. दोघेही ताशी नव्वदने येत असतील, तर प्रत्येक सेकंदाला त्यांच्यातले अंतर पन्नास मीटरने घटते. समोरचा माणूस कोण, त्याला झोप लागली आहे काय, त्याने मद्य घेतले आहे काय, हे आपणांस ठाऊक नाही. तरी हजारो माणसे तासन् तास एकमेकांवर असा विश्वास टाकून जातात. समाज ज्याला म्हणतात, त्याचे याहून साधे उदाहरण आम्हांस माहीत नाही.

हा विश्वास ताणला जातो तो पुढची गाडी मागे टाकताना. थोडे अंकगणित करू. पुढे पंचवीस मीटर लांबीचा मालट्रक ताशी सत्तरने चालला आहे आणि आपण नव्वदने त्याला ओलांडू पाहतो. मागेपुढे सुरक्षित अंतर धरले तर सुमारे ऐंशी मीटर जास्तीचे कापावे लागतात, आणि वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर. म्हणजे चौदा सेकंद आपण परक्याच्या पदरात असतो. तेवढ्यात आपण साडेतीनशे मीटर पुढे जातो आणि समोरचाही तितकाच आपल्याकडे येतो. म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर रस्ता मोकळा दिसत असेल, तरच हे धाडस करावे. आणि मिळकत काय? सीमेपासून केनोरापर्यंतच्या पन्नास किलोमीटरांत, पुढचा रस्ता रिकामा सापडला तर, नऊ-दहा मिनिटे. नऊ मिनिटांसाठी चौदा सेकंद जीव टांगणीला लावावा की नाही, याचा निवाडा प्रत्येकाने स्टिअरिंगवर बसण्याआधी करावा. बसल्यावर तो नीट होत नाही.

याशिवाय तेथले हवामान व रान. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. परंतु पारा उणे अठरा अंशांच्या आसपास गेला की मिठाचा गुण फारसा उरत नाही, मग वाळू टाकून नुसती पकड वाढवितात. रानात मूस नावाचे सांबराच्या जातीचे प्रचंड जनावर असते. रंग काळपट, पाय उंच. मोटारीच्या दिव्यांत त्याचे डोळे चमकावेत तर तेही दिव्यांच्या झोताहून वर. धडक बसली की पाय मोडतात आणि अर्ध्या टनाचे धड समोरच्या काचेवर येते. म्हणून जाणते लोक संध्याकाळी व पहाटे वेग कमी ठेवतात. १ डिसेंबर १९८९ पासून त्या देशात नव्या मोटारींना दिवसाही पेटते राहणारे दिवे सक्तीचे झाले. समोरून येणारी गाडी चार क्षण आधी दिसावी, एवढाच त्याचा हेतू. सुधारणा लहान आहे, पण दुपदरी रस्त्याचे मर्म ओळखून केलेली आहे.

रस्त्याच्या महत्त्वाची खरी कसोटी १० जानेवारी २०१६ रोजी लागली. याच मार्गावर सीमेपासून बरेच पूर्वेला निपिगॉन नावाची नदी आहे. तिच्यावरील नव्या पुलाचा नुकताच खुला झालेला भाग थंडीवाऱ्यात एका टोकाशी वर उचलला गेला. तक्ता धरून ठेवणारे बोल्ट तुटले होते. पूल बंद झाला, आणि त्याबरोबर कॅनडाचा पूर्वभाग पश्चिमेपासून तुटला. कारण त्या ठिकाणी देशांतर्गत दुसरा रस्ताच नाही. पलीकडे जावयाचे तर अमेरिकेतून वळसा. दुसऱ्या दिवशी एक पदर सुरू झाला खरा. परंतु एवढा विस्तीर्ण देश एका पुलाच्या काही बोल्टांवर लोंबकळत होता, हे सर्वांना कळून चुकले.

पण या सीमेवरची आम्हांस सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट रस्ता असण्याची नव्हे, नसण्याची आहे. महामार्गाच्या दक्षिणेस शोल लेक हे सरोवर दोन्ही प्रांतांच्या सीमेवर पसरले आहे. विनिपेग शहराला पिण्याचे पाणी तेथूनच येते. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या पाटाने ते १९१९ साली शहरात पोहोचले. त्या बांधकामात सरोवराकाठी राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांच्या एका वस्तीची जमीन घेतली गेली, कालवा खणला गेला, आणि ती वस्ती मुख्य भूमीपासून तुटून बेटासारखी झाली. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात गोठलेले पाणी; आणि बर्फ धड गोठलेले नाही व धड वितळलेले नाही अशा दिवसांत जिवावर उदार होऊन ये-जा. शहर तिच्याच दाराचे पाणी पीत होते. परंतु १९९७ पासून दोन तपांच्या आसपास त्या वस्तीला मात्र पाणी उकळूनच प्यावे, असा इशारा होता. वस्तीला महामार्गाशी जोडणारा रस्ता हवा, या मागणीपुढे वर्षानुवर्षे प्रश्न उभा राही तो एकच : पैसा कोणी द्यावा? मध्यवर्ती सरकारने, प्रांताने, की शहराने? अखेर तिघांनी मिळून तो दिला आणि जून २०१९ मध्ये चोवीस किलोमीटरांचा खडीचा रस्ता खुला झाला. लोकांनी त्याला नाव दिले ‘स्वातंत्र्याचा रस्ता’. रस्ता झाला म्हणून यंत्रसामग्री नेणे सोपे झाले, आणि २०२१ साली वस्तीत शुद्ध पाण्याचे केंद्रही सुरू झाले. चोवीस किलोमीटरांची खडी पडावयास शंभर वर्षे लागली. ती अंतराची शंभर वर्षे नव्हेत. ‘हे आमच्याकडे येत नाही’ या वाक्याची आहेत.

आता केनोराकडचा मुख्य रस्ता चौपदरी करण्याची गोष्ट घ्या. मध्यवर्ती सरकार व ऑन्टेरिओ यांनी ती २००९ साली जाहीर केली. प्रत्यक्ष काम सुरू व्हावयास २०२२ साल उजाडले. पहिला टप्पा सीमेपासून अवघ्या साडेसहा किलोमीटरांचा. या कामात परिसरातील चार मूलनिवासी राष्ट्रांची भागीदारी आहे आणि वर सांगितलेली शोल लेकची वस्ती त्यांपैकी एक. ज्यांना एके काळी कालव्याने तोडले, त्यांनाच आज रस्त्याच्या कामात बरोबरीची जागा मिळाली, ही गोष्ट साडेसहा किलोमीटरांहून मोठी मानावी लागेल.

चौपदरी करणे हा एकच उपाय आहे असे मात्र नाही. स्वीडनने गेल्या शतकाच्या अखेरीपासून रुंद दुपदरी रस्ते तीन पदरांचे केले. मध्ये तारदोरांचा कठडा घालून मधला पदर आलटून पालटून कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पुढे काढण्यासाठी दिला. अशा रस्त्यांवरचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. माणूस चुकणारच, तेव्हा चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, असा त्यामागचा विचार. १९९७ साली तेथल्या संसदेने तो धोरण म्हणून स्वीकारला. रेघ पुसली तरी कठडा राहतो, हे त्यातले तत्त्व.

आणि आपण? २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. आपल्या राज्याला सहा राज्यांच्या सीमा भिडलेल्या आहेत, आणि त्या ओलांडणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर ऊस, कांदा, यात्रेकरू, एस.टी., दुचाकीवरचे सबंध कुटुंब हे सर्व एकाच सात मीटरांत चालते. ताशी ऐंशीच्या वेगाने पुढची गाडी ओलांडावयास चारशे सत्तर मीटर रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. आपल्या वळणांवर तेवढा दिसतो काय, आणि न दिसता किती जण गाडी बाहेर काढतात, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच, आणि तो बजावला पाहिजे : हा तुकडा कोणाकडे, पुढचा कोणाकडे, आणि दोहोंच्या मधला खड्डा कोणाकडे? परंतु आपल्या पदरात राहण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपविता येत नाही.

प्रांत, राज्ये, खाती ही व्यवस्थेसाठी केलेली वाटणी आहे. वाटणी झाली म्हणून वाटसरूचा जीव वाटला जात नाही. सीमेच्या अलीकडे तो जेवढा मोलाचा, तेवढाच पलीकडे. ज्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक त्या रेषेपाशी ‘हे कोणाचे?’ असे न विचारता ‘हे कोण आधी करतो?’ असे विचारू लागतील, त्या दिवशी रस्ता दुपदरी असला तरी पुरेल.

 रात्र झाली आहे. घरी जाताना गाडी सावकाश हाकावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.