निरोपाचें गाणें



कथेंत किंवा नाटकांत निरोपाचा प्रसंग आला म्हणजे लेखकाला गाण्याची आठवण होते, आणि बहुधा तेथेंच त्याची फसगत होते. शोक जितका मोठा तितके शब्दही मोठे हवेत, असा समज आडवा येतो.

मराठी रंगभूमीचा दाखला मात्र याच्या उलट आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक प्रथम रंगले. चवथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी; तेव्हां त्या रात्रीं प्रेक्षक घरीं परतले ते निरोप ऐकूनच. किर्लोस्करांनीं पदांसाठीं साकी, दिंडी यांसारख्या लोकांच्या कानांत रुळलेल्या चालीही घेतल्या होत्या. मूळ प्रसंगांत कालिदासानेंही आक्रोश मांडलेला नाहीं. वस्त्र ओढणारें हरिणाचें पाडस, शकुंतला जिला मिठी मारते ती वेल, आणि 'वडीलधाऱ्यांची सेवा कर' हा कण्वांचा साधा उपदेश, एवढ्यावर त्याचें काम भागतें.

आतां समजा, एखाद्या कथेची नायिका मुंबईंतील खारदांड्याच्या कोळीवाड्यांतील आहे. तिच्या पाठवणीला तपोवनांतील वेल कशी शोभणार? तेथें समुद्र आहे, वाळत घातलेले बोंबील आहेत, किनाऱ्याला लागलेल्या होड्या आहेत. शिवाय हें गाणें गाणार कोण, हाही प्रश्न उरतोच.

त्याचें उत्तर परंपरेनेंच देऊन ठेवलें आहे. कोळी आणि आगरी समाजांत लग्नाचे विधि गाऊन पार पाडणारी स्त्री म्हणजे धवलारीण. लग्नगीताला धवळे म्हणण्याची चाल फार जुनी आहे. महानुभाव पंथाच्या महदंबेनें तेराव्या शतकांत रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले.

म्हणून अशा कथेंतील गाणें नायिकेऐवजीं धवलारणीच्या तोंडीं घालावें. वाड्यांतील घरोघरच्या मुली तिनें बोळवल्या. आज निघाली आहे ती तिची स्वतःची लेक. लेखकानें तिला निराळें गाणें देऊं नये. तेच शब्द, तीच चाल, तोच ठेका असूं द्यावा. ऐकणारा वाडा ओळखील कीं, आज तिनें एक ओळ गाळली. आणि कां गाळली, हें कोणी तिला विचारणार नाहीं.

निरोपाचें योग्य गाणें बहुधा नव्यानें रचावें लागत नाहीं. तें ज्या घरांत रोजच्या ओळखीचें असतें, त्या घरापर्यंत कथा नेऊन पोंचवावी लागते.