निर्णय माता-पित्यांचा, कर्तव्य गावाचे



गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया आणि सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला रक्तक्षय, असह्य वेदना आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांना तोंड द्यावे लागते.

हा आजार स्पर्शाने होत नाही. शापाने तर नाहीच. माता आणि पिता या दोघांकडून दोषयुक्त जनुक आल्यासच मूल रुग्ण होते. दोष एकाच बाजूने आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि सहसा निरोगी जीवन जगते. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. 'एक मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही सुदृढ होतील' हा समज निराधार आहे. प्रत्येक खेपेस हिशेब नव्याने मांडला जातो. केवळ सुनेला दोष देण्यासही शास्त्राचा कोणताच आधार नाही.

अशा दांपत्यास गर्भाची तपासणी करून घेता येते. गरोदरपणाच्या सुमारे १० ते १२ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश, अथवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून निदान करतात. या तपासणीत गर्भपाताचा अल्पसा धोका असतो, हेही दांपत्यास आधीच सांगितले पाहिजे. गर्भ रुग्ण आहे किंवा नाही हे तपासणी सांगते. पुढे त्या बालकाचा आजार सौम्य राहील की तीव्र होईल, हे मात्र ती खात्रीने सांगू शकत नाही. माता-पित्यांची खरी कोंडी येथेच होते.

म्हणूनच त्यांची मते एकसारखी नसतात. आजारी मुलाला घेऊन रात्री-अपरात्री रुग्णालय गाठणारी माता म्हणते की, जाणूनबुजून दुसऱ्या जिवाला या यातना देऊ नयेत. तशीच दुसरी माता म्हणते की, दुसरा गर्भ याच कारणासाठी नाकारला, तर घरातल्या लेकराला काय वाटेल? कोणाला धर्मश्रद्धा आड येते, कोणाला मजुरी बुडवून शहरात जाणे परवडत नाही, तर कोणाला 'नकोच ते कळणे' असे वाटते. यांपैकी एकही मत उपहासास पात्र नाही. मुलाचे दुखणे ज्यांनी उशाशी बसून काढले, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणास आहे?

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. गर्भ गंभीर व्यंगाने ग्रस्त असण्याचा मोठा धोका असल्यास १९७१ च्या कायद्याने गर्भपातास मुभा दिली. मात्र मर्यादा २० आठवड्यांची ठेवली. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात दोष आढळलेले एक दांपत्य ही मर्यादा उलटल्यावर मुंबई उच्च न्यायालयात गेले; त्यांना परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या सुधारणेने अशा प्रसंगी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि गंभीर गर्भदोषांत त्यापुढील निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपविला गेला. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती आवश्यक आणि पुरेशी आहे. पतीच्या वा सासूच्या संमतीची अट कायद्यात नाही.

याच तपासणीचा आधार घेऊन मुलींचे गर्भ नष्ट केले गेले, हा कटू इतिहासही विसरता येणार नाही. त्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम केला; केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. आजाराच्या निदानास कायद्याची मुभा आहे, लिंग सांगण्यास नाही.

मग गावाचे कर्तव्य कोणते? पहिले कर्तव्य वेळेचे. उशिरा कळलेले सत्य माता-पित्यांच्या हातातील पर्याय हिरावून घेते. रक्ताची साधी तपासणी विवाहापूर्वी, निदान गरोदरपणाच्या आरंभी तरी झाली पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. शिक्षकांनी वर्गात वाहक व रुग्ण यांतील भेद समजावून द्यावा. पंचायत सदस्यांनी तपासणीच्या दिवशी लोकांना एकत्र आणावे. परंतु कोणाचे निष्कर्ष चावडीवर वाचले जाणार नाहीत आणि त्यावरून कोणत्याही मुलीचे लग्न मोडणार नाही, याची दक्षता घ्यावी.

दुसरे कर्तव्य निर्णयानंतरचे. मूल जन्माला घालण्याचे ठरविणाऱ्या कुटुंबाला हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण आणि गरजेनुसार रक्त वेळेवर मिळाले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याचे लाभ अशा मुलांच्या दारापर्यंत पोहोचले पाहिजेत. गर्भपाताचा निर्णय घेणाऱ्या मातेलाही निंदेची नव्हे, तर विश्रांतीची आणि धीराच्या शब्दांची गरज असते.

निर्मूलन रोगाचे करावयाचे आहे, रुग्णाचे नव्हे. माहिती वेळेवर द्यावी, दडपण कोणतेही आणू नये आणि निर्णय कोणताही असो, त्या कुटुंबाची साथ सोडू नये. गावाने एवढे केले, तरी माता-पित्यांचे ओझे निम्मे हलके होईल.